राखेचा मोजा

आधी बूट दाखव.
पायात नको, हातात दे.
तळ कोरा आहे, दुकानाचा वास अजून गेला नाही.
तोरोसच्या दगडाला कोरा तळ खपत नाही, लोथार.
इथली चुनखडी सुरीसारखी उभी फुटते,
आणि पाय सटकला की खाली दरीपर्यंत
कुणी विचारपूस करत नाही.
रात्रभर गोठ्यात ठेवतो. सकाळी त्यांना शेळ्यांचा वास येईल.
घरी गेल्यावर तुझी बायको फेकून देईल. देऊ दे.

साबण नको आज. दाढीनंतरचं ते निळं पाणीही नको.
रानडुकराची नजर अधू, हे खरं,
पण नाक असं
की काल विमानात तू काय खाल्लंस
तेही त्याला ओढ्यापलीकडून कळेल.

ही झुलाल, माझी मुलगी. शाळेत जर्मन शिकते.
मी बोलतो ते ती तुला सांगते,
मधली काही वाक्यं गाळते.
मला कळतं ना,
माझं बोलणं हातभर असतं, तिचं वीतभर.

हा मोजाही तिचाच, दोन वर्षांची असतानाचा.
आत चुलीची राख, दोनदा चाळलेली.
टिचकी मारायची आणि बघायचं.
राख जिकडे निघाली तिकडे डुक्कर असेल
तर बंदूक खांद्याला लावायची,
घरी यायचं,
चहा प्यायचा.

परवाना इथे. वनखात्याचा शिक्का जरा फिसकटलाय, चालतो.
काडतुसं पाच.
सहावं का नाही, विचारू नकोस.
माझ्या मांडीवरची ही शिवण बघ,
गुरांच्या डॉक्टरनं घातलेली, एका मादीची कृपा.
पिल्लं मागे होती तिच्या, मला दिसली नाहीत.
पिल्लांवर, पिल्लांच्या आईवर, आवाजावर, हलत्या झुडपावर
गोळी नाही.
हे तीनदा म्हणून दाखव.

मांस आम्ही खात नाही, शिवतही नाही.
सुळे तुझे. उरलेलं कोल्ह्यांचं, गिधाडांचं.
मग का मारता, म्हणालास जेवताना.
वरच्या वाडीत फिर्देव्सबाईचा हरभरा आहे,
होता,
एका रात्रीत पाचजणांनी नांगरून दिला, बिनमजुरीचा.
ती रडली नाही. माझ्या दारात आली,
उपटलेला एक वेल ठेवला उंबऱ्यावर
आणि गेली.

दुपारी भिंतीवर ऑलिव्हचा डबा ठेवला होता.
ऐंशी पावलं.
तीन गोळ्या, तिन्ही वीतभर डावीकडे,
एकाच दगडात, जवळजवळ एकाच भोकात.
वारा नव्हता. मोजा मी पाहिला होता.
ज्याचा हात कापतो त्याच्या गोळ्या विखुरतात, लोथार.
तुझ्या विखुरल्या नाहीत.
बंदूक वडिलांची, म्हणालास,
कुंद्यावर त्यांची अक्षरं, तेल ताजं, नळी आरशासारखी,
आणि पट्टा मात्र कधी खांद्यावर मुरलेलाच नाही.

मी काही बोललो नाही तेव्हा. डबा उचलून आणला.
आत्ता बोलतो, कारण तुझ्या खोलीत अजून दिवा आहे
आणि कुत्री आज लवकर गप्प झाली.

उद्या हाका वरून येईल, माझे दोन पुतणे आणि तीन कुत्री.
तू जुनिपरच्या बुंध्याला टेकून बसशील.
तो येईल तेव्हा आधी दगड गडगडतील, मग काहीच नाही,
मग तो.
ओढायचा नसेल चाप, तर ओढू नकोस.
पैसे परत मिळणार नाहीत.
पुतण्यांना मी सांगेन, वारा फिरला.
वारा इथे फिरतोच. कुणाला खोटं वाटत नाही.

हे वाक्य झुलालनं गाळलं नाही.
उलट माझ्याहून जास्त वेळ बोलत राहिली,
हळू, तुझ्याकडे न बघता,
आणि तू मान खाली घालून ऐकत होतास.
काय सांगितलंस, मी विचारलं.
तेच, म्हणाली.

बरं. झोप आता.
तीनला उठवतो. दिवा लावायचा नाही.
आणि बूट शोधत बसू नकोस,
गोठ्यात आहेत.